चौथी ओळ

२ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

तुझं पत्र पोचलं. त्या बेटावरून पत्र यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात तू वर्तवलेलं वादळ येऊन, झाडं पाडून परतही जातं. म्हणून तुझ्या हवामान केंद्राच्या भाकितांपेक्षा तुझ्या पत्रांवर माझी श्रद्धा अधिक. ती निदान घडून गेलेल्या गोष्टींबद्दल असतात.

तर तुझा नवरा उभा राहिला. निवृत्त माणसाने कुंड्यांना पाणी घालावं, गुडघ्यांबद्दल बोलावं. आमच्या मेहुण्यांनी नगरपालिकेची निवडणूक काढली. अर्ज भरायला निघाले ते पाणीखात्यातला तोच जुना निळा शर्ट घालून, खिशापाशी ग्रीसचा डाग असलेला. तुझी वहिनी म्हणाली, "अहो, आज तरी इस्त्रीचा घालायचा होता." तर म्हणतात कसे, "वहिनी, लोक या शर्टाला ओळखतात. मला कोण ओळखतं?"

तुम्हा नवराबायकोत काय ठरलंय ते आईने मला इतक्यांदा सांगितलं आहे की आता मला ते पाठ झालंय. ते निवडून आले तर तू बदली मागून घरी येणार. पडले तर घर भाड्याने देऊन ते तुझ्याकडे बेटावर येणार. यातला दुसरा भाग आईला ऐकूच येत नाही. तिने तुझ्या खोलीतली गादी गच्चीत उन्हाला टाकली आहे आणि ती दर तासाला उलटवायला मला वर पाठवते. निवडणूक कोणीही जिंको, माझी कंबर हरणार हे निश्चित.

इथली हवा सांगतो, कारण ती तुझ्या यंत्रांना कळायची नाही. पक्षांची अधिकृत नावं लांबलचक आहेत. आपल्या रस्त्यावर त्यांना नुसतं 'प्रार्थनावाले' आणि 'नळवाले' म्हणतात. मेहुणे अर्थातच नळवाले. काल वहिनीच्या औषधाच्या दुकानात मी काउंटरमागे बसलो होतो. रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आलेले एक सद्गृहस्थ म्हणाले, "नळ त्यांनीच आणला हो, नाही कोण म्हणतंय? बादल्या वाहून आमच्या सुनेचा खांदा गेला होता. पण प्रार्थनेला पाहिलंय का कुणी त्यांना?"

वहिनी म्हणाली, "पाणी येतंय ना पण?"

"येतंय की. पण पाणी काय, आज हा आणेल, उद्या तो आणेल. देव कोण आणणार?"

"या जेवणाआधी घ्या," वहिनी म्हणाली आणि गोळ्या पुढे सरकवल्या.

खालच्या गल्लीत, जिथे दुसऱ्या धर्माचं प्रार्थनाघर आहे, तिथली मतं मेहुण्यांची असं सगळे धरून चालतात. आणि वरच्या रस्त्यावर हेच त्यांच्याविरुद्ध सांगितलं जातं: 'ते तिकडचे.' नळ दोन्हीकडे एकाच दाबाने येतो, हा मुद्दा कोणालाच महत्त्वाचा वाटत नाही.

प्रार्थनावाल्यांचे उमेदवार आहेत आपल्या कोपऱ्यावरचे फरशीवाले. मोठं काचेचं दुकान, आत बाराही महिने थंड. गंमत अशी की गेल्या महिन्यात शाळेच्या कार्यक्रमात त्यांनी माइक घेऊन प्रार्थना सुरू केली आणि मधेच दुसऱ्याच प्रार्थनेत शिरले, तिथून बाहेर पडायची वाट सापडेना. देवाची वकिली करणाऱ्याला देवाशी बोलता येऊ नये! मी इतका हसलो की वहिनीने कोपर मारलं.

काल ते आपल्याकडे येऊन गेले. न्हाणीघराच्या फरशीबद्दल बोलणं झालं. बाकी विशेष नाही.

तुझा,
दादा


२० फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

न्हाणीघराची फरशी आहे तशीच आहे. तू विचारलंस म्हणून सांगतो.

कॉलेजात आमचा जुन्या भाषेचा विभाग आता इतिहासाच्या विभागात विलीन करणार आहेत. विलीन हा शब्द प्राचार्यांनी वापरला. नदी समुद्राला मिळते तसं काहीतरी त्यांच्या मनात असावं. प्रत्यक्षात माझी खुर्ची जिन्याखालच्या खोलीत गेली आहे. वर्गात चार मुलं येतात. दोन झोपतात, एक मुलगी त्यांच्यातल्या एकाकडे बघत असते, आणि चौथा चुकून आला आहे पण भिडस्त असल्याने उठून जात नाही.

अशा दुष्काळात मला एक प्रौढ विद्यार्थी लाभला आहे. खाजगी. प्रार्थना शिकतो, चालीसकट. काय सांगू तुला! गृहस्थ वेळेवर येतो, म्हणजे मीच त्याच्याकडे वेळेवर जातो. सांगितलेलं तो लिहून घेतो, घरी घोकतो, दुसऱ्या दिवशी चूक झाली तर स्वतःच कान पकडतो. आणि 'गुरुजी' म्हणतो. मला शेवटचं गुरुजी कोणी म्हटलं होतं ते आठवायला मला खिडकीबाहेर बघावं लागलं. आवाजही खर्जातला, भरीव. कच्चा माल उत्तम. घडवणारा नव्हता इतकंच.

त्याचं नाव विचारू नकोस. वैद्याने रुग्णाचं नाव सांगू नये.

मेहुणे बरे आहेत. रोज सकाळी दारोदार फिरतात. एखाद्या घरी नळ ठिबकत असला तर तिथेच बसतात, त्यामुळे पुढची घरं राहतात. त्यांच्या कार्यकर्त्यांनी शेवटी त्यांची पान्ह्यांची पिशवी काढून घेतली आहे.

आई तुझ्या खोलीला पडदे शिवते आहे. डोळ्यांनी नीट दिसत नसल्याने टीप तिरकी जाते, पण 'माझ्या लेकीला सरळ काय आवडतं' असं तिचं म्हणणं.

तुझा,
दादा


११ मार्च

धाकटे,

तू बेटावर बसून ढग ओळखतेस, तेव्हा हेही ओळखशील याची कल्पना मला हवी होती. होय. विद्यार्थी म्हणजे फरशीवालेच.

तुझ्या पत्रातली आदळआपट मी शांतपणे वाचली. आता माझीही बाजू ऐक. विद्या मागायला आलेल्याला 'तुझा पक्ष कोणता' असं विचारायचं नसतं. मी त्यांचा प्रचार करत नाही, पत्रकं वाटत नाही, एक शब्दही राजकारणाचा बोलत नाही. मी त्यांना उच्चार शिकवतो, श्वास कुठे घ्यायचा ते शिकवतो. त्या उच्चारांचं पुढे ते काय करतात याला मी जबाबदार नाही. न्हाव्याने दाढी केली म्हणून त्या गालाने पुढे कोणाला फसवलं याचा जाब न्हाव्याला कोणी विचारत नाही.

तुझ्या वहिनीला हे पटलेलं नाही. ती म्हणाली, "तुम्ही त्या माणसाला देव शिकवताय का मतं?" मी म्हटलं, "मी चाल शिकवतोय." ती म्हणाली, "तेच ते," आणि कुकरची शिटी झाली.

शिकवणी कुठे चालते ते ऐकलंस तर हसशील. त्यांच्या दुकानात वरच्या मजल्यावर नमुन्याची न्हाणीघरं मांडली आहेत, एकापेक्षा एक. त्यातल्या निळ्या फरशीच्या न्हाणीघरात आवाज सुंदर घुमतो. फरशीवाले कोरड्या टबाच्या कडेवर बसतात, मी झाकण लावलेल्या कमोडवर. सर्वशक्तिमानाचं स्तवन अशा आसनावरून यापूर्वी कोणी शिकवलं नसेल.

परवा मेहुणे जेवायला आले होते. आधी स्वयंपाकघरातल्या नळाचा वॉशर बदलला, मग हात धुऊन पानावर बसले. मला वाटलं होतं विषय निघेल तेव्हा कडवट बोलतील. पण वाटीतली आमटी संपवत म्हणाले, "दादा, ऐकलं मी. शिकवा हो. माणूस काही तरी शिकतोय, चांगलंच आहे." आई म्हणाली, "बघ, याला म्हणतात मन." मेहुण्यांनी मला विचारलं, "येते तरी का त्यांना आता?" मी म्हटलं, "बऱ्यापैकी." ते हसले. "मलाही येत होती लहानपणी. आमच्या आजोबांनी पाठ करून घेतली होती." मग बराच वेळ हसत खेळत गेला.

तेव्हा तुझ्या नवऱ्याची तक्रार नाही, तू कशाला रागावतेस? आता २७ तारखेला शाळेच्या सभागृहात रहिवासी मंडळाची सभा आहे, दोन्ही उमेदवार एका व्यासपीठावर. पाण्यावर बोलायला मिळालं की मेहुण्यांना कोण हरवणार!

तुझा,
दादा


२८ मार्च

प्रिय धाकटे,

सभा झाली. गर्दी अपेक्षेपेक्षा जास्त, खुर्च्या कमी पडल्या, मागे लोक भिंतीला टेकून उभे. आईला पुढच्या रांगेत जागा मिळाली.

सुरुवातीला दोन्ही उमेदवारांनी प्रार्थना म्हणावी असं मंडळाने ठरवलं होतं. फरशीवाल्यांनी चांगली म्हटली. मेहुणे मधे जरा अडखळले, तेव्हा मी ओळ पुरवली. लोक थोडे हसले, पण ते आपलं प्रेमाने. मग त्यांनी पाण्याच्या टाकीबद्दल भाषण केलं, आकडेवारीसकट.

आईला घरी यायला उशीर झाला म्हणून तिचे पाय सुजलेत. बाकी क्षेम.

तुझा,
दादा


९ एप्रिल

धाकटे,

तुझं पत्र तीन ओळींचं. एरवी हवामानावरच तू पान भरतेस. 'यांनी लिहिलंय की सभा चांगली झाली आणि दादांना काही बोलू नकोस. त्या वाक्यानेच मला कळलं की काहीतरी झालंय. काय झालं ते तू लिही.'

लिहितो. सभेचा जो व्हिडिओ इथे फिरतोय तो तुझ्या बेटावर पोचत नाही, याचा मला आनंद झाला होता हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल.

मागच्या पत्रात 'मंडळाने ठरवलं होतं' असं लिहिलंय. मंडळाने ठरवलं, कारण फरशीवाल्यांनी सुचवलं. फरशीवाल्यांनी सुचवलं, कारण मी एका सकाळी त्या निळ्या न्हाणीघरात म्हणालो, "सभेची सुरुवात प्रार्थनेने व्हावी. दोघांनीही म्हणावी. शोभून दिसेल." ते माझ्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, "वा गुरुजी!" शोभेल एवढंच मी म्हणालो होतो. कोणाला शोभेल ते आम्हा दोघांनाही कळत होतं.

आणि त्याच्याही आधीचं. मेहुणे जेवायला आले तेव्हाचं जे मी 'हसत खेळत' या दोन शब्दांत गुंडाळलं, ते असं होतं. त्यांनी 'मलाही येत होती' म्हटल्यावर मी म्हटलं, "म्हणा बघू." त्यांनी हात पुसले, पाठ ताठ केली आणि म्हणायला लागले. तीन ओळी म्हटल्या. चौथीला अडकले. "हात्तिच्या! इथेच अडायचो तेव्हाही. आजोबा टपली मारायचे." सगळे हसलो. मेहुणे सगळ्यांत जास्त.

म्हणजे ते कुठे अडकणार हे मला ओळीसकट माहीत होतं. हे माहीत असताना दुसऱ्या दिवशी सकाळी मी जाऊन 'शोभून दिसेल' म्हणालो.

का? मी स्वतःला बरीच उत्तरं दिली आहेत. त्यातलं सगळ्यांत कमी खोटं सांगतो. तुझा नवरा ज्या घरात जातो तिथे त्याला चहा मिळतो, कारण त्याने काहीतरी दुरुस्त केलेलं असतं. माझ्या विद्येने आजवर कोणाचं काही ठिबकायचं थांबलं नाही. तुझ्या लग्नानंतर पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा त्यांनी थट्टेत विचारलं होतं, "दादा, तुमच्या भाषेत नळाला काय म्हणतात?" सगळे हसले, मीही हसलो. एकदा तरी अशी जागा यावी जिथे त्यांचा पान्हा चालणार नाही आणि माझी ओळ चालेल, एवढंच मला हवं होतं. धर्म, पक्ष यांपैकी काहीच माझ्या डोक्यात नव्हतं, असं मी म्हणत होतो. पण त्या सभागृहात बसलेल्या लोकांच्या डोक्यात दुसरं काहीच नव्हतं, हे मला ठाऊक नव्हतं का? औषधाच्या दुकानात बसून मीच तर त्यांच्यावर हसत होतो.

आता सभा. फरशीवाले आधी उठले. अक्षर अक्षर स्वच्छ, श्वास जागच्या जागी. सभागृहात इतकी शांतता झाली की पंख्याचा आवाज यायला लागला. लोकांनी डोळे मिटले. माझ्या शेजारचा माणूस, जो गेले दोन महिने 'या फरशीवाल्याने आमच्या बाल्कनीला निकृष्ट माल दिला' म्हणून ओरडतोय, तो पुटपुटला, "माणूस आतून चांगला आहे."

मग मेहुणे. तीन ओळी म्हटल्या, चाल थोडी इकडेतिकडे, पण मनापासून. चौथीला थांबले. आणि धाकटे, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एवढ्या गर्दीत त्यांनी मला शोधलं, कारण मी घरचा होतो.

मी थांबलो.

वर्गात थांबतो तसा. विद्यार्थ्याला आठवायला अवसर मिळावा म्हणून थांबायचं असतं, असं मी नव्या शिक्षकांना सांगत आलो आहे. ती थाप आहे. थांबतो ते आपल्याला येतं आणि समोरच्याला येत नाही हा काळ जरा लांबावा म्हणून. माइक हुं-हुं करत होता. मागून कोणीतरी खोकलं. मग मी ओळ दिली. हळूच नाही, दुसऱ्या रांगेतून, खड्या आवाजात, चालीसकट, भिंतीला टेकलेल्यांनाही ऐकू जाईल अशी. तिथेही थांबलो असतो तर निभावलं असतं. पण माझा हात आपोआप वर गेला, तर्जनी उभी राहिली, आणि मी म्हणालो:

"हं. पुन्हा. पहिल्यापासून."

सभागृह फुटलं. प्रेमाने नाही.

पण मला ते हसणं तितकं आठवत नाही. मेहुण्यांनी खरोखरच पहिल्यापासून सुरुवात केली, ते आठवतं. आज्ञाधारक मुलासारखी, हात शिवणीला लावून. तीन ओळी म्हटल्या, आणि पुन्हा तिथेच अडकले. मग म्हणाले, "राहू दे. मला नाही येत. मी पाण्याबद्दल बोलतो." बोललेही. नवी टाकी कुठे हवी, खालच्या गल्लीचा व्हॉल्व्ह का बदलायला हवा, सगळं. कोणी ऐकलं नाही. पोरं फोनवर मघाचंच पुन्हा पुन्हा लावून बघत होती.

आता ते रस्त्याने निघाले की बाल्कनीतून कोणीतरी ओरडतं, "पुन्हा! पहिल्यापासून!" प्रार्थनावाल्यांच्या रिक्षावर तीच घोषणा लागली आहे, आणि आवाज माझा. लोक मला थांबवून हात मिळवतात. "गुरुजी, बरं उघडं पाडलंत. ज्याला देवाचं नाव येत नाही, त्याच्या हातात वॉर्ड कसा द्यायचा?" काल तर एकाने चहा पाजला. मी प्यालो.

खालच्या गल्लीत त्यांच्या प्रार्थनाघरातूनही सांगण्यात आलंय म्हणे, सगळ्यांनी नळवाल्यांनाच द्या. तिथे टाकीचा विषय कोणी काढला नाही. 'ते आपल्याला घाबरवतात, म्हणून आपण एकत्र' एवढंच. घाबरवणाऱ्यांत आता माझाही आवाज आहे.

वहिनी माझ्याशी कामापुरतं बोलते. "मीठ." "दार लावा." "आईंचं औषध."

मी मेहुण्यांकडे गेलो होतो माफी मागायला. ते गॅलरीत पत्रकांच्या घड्या घालत होते. म्हणाले, "दादा, सवयीने झालं असेल. सोडा." मी सोडलं. 'सवयीने नाही' असं म्हणायला तोंड उघडलं आणि चहा मागितला.

दादा


२१ एप्रिल

धाकटे,

निकाल तुला सरकारी तारेने कळला असेल. मेहुणे पडले. खालच्या गल्लीतल्या पेट्या जवळजवळ पूर्ण त्यांच्या, वरच्या रस्त्यावरच्या जवळजवळ पूर्ण फरशीवाल्यांच्या. मोजणीचा अधिकारी म्हणाला म्हणे, "यांनी मतदान कशाला घेतलं? प्रार्थनाघरांच्या दारात चपला मोजल्या असत्या तरी चाललं असतं."

मतदानाच्या दिवशी आईला मी हात धरून नेलं. वहिनी दुकान उघडायच्या आधीच जाऊन आली होती. परत येताना आईने विचारलं, "तू जावयालाच दिलंस ना?" मी म्हटलं, "म्हणजे काय! आणि तू?" ती म्हणाली, "विचारतोस काय." मग आम्ही बाकावर बसून थोडी हवा खाल्ली.

मेहुण्यांनी घरासाठी भाडेकरू शोधायला सांगितलं आहे.

दोन बोटी आल्या, तुझं पत्र नाही. हवा खराब असेल.

दादा


६ मे

धाकटे,

हवा खराब नव्हती. मी बंदराच्या कार्यालयात विचारून आलो.

मेहुणे शनिवारी निघतात. खोकी भरायला मी जातो रोज. ते मला 'हे वर ठेवा, ते खाली ठेवा' सांगतात आणि मी ठेवतो. आमच्यात यापेक्षा बरं बोलणं आता होत नाही, आणि हेही त्यांच्या चांगुलपणामुळेच होतं. ते तुझ्यापाशी पोचल्यावर काहीही सांगणार नाहीत, म्हणून उरलेलं मी सांगतो.

मी फरशीवाल्यांना मत दिलं.

हे लिहून झाल्यावर मी उठून पाणी पिऊन आलो. माझ्या कृत्यावर पांघरूण घालायला सभेतली चूक पुरेशी होती. तू तीच धरून रागावली आहेस. हे कोणालाच कळलं नसतं. पुठ्ठ्याच्या आडोशामागे उभा होतो, हातात शिक्का. तुझी खोली आठवायला हवी होती. नळ आठवायला हवा होता. निदान लाज तरी. मला आठवलं ते फरशीवाल्याने सभेत तिसऱ्या ओळीच्या शेवटी घेतलेला श्वास. तो त्याने इतका सुरेख घेतला होता की त्याला खोडणं म्हणजे आपलंच काहीतरी खोडणं वाटलं. आयुष्यभर मी या लोकांना हसत आलो, की देवाचं नाव ऐकलं की यांची बुद्धी चुलीत जाते. माझी तर देवाचं नावही न ऐकता गेली. मला चाल पुरली.

आणि ती चाल कोणती, ते एकाही पत्रात मी लिहिलेलं नाही. प्रार्थनाघरात शिकवतात ती नव्हे. बाबांची. तिसऱ्या ओळीत सगळे खाली उतरतात, तिथे बाबा सूर वरच धरून ठेवायचे, मग एक श्वास, आणि मग चौथी. बाबा गेल्यावर ती फक्त माझ्याकडे उरली होती, आणि तुझ्याकडे, तू काम करताना गुणगुणतेस तेवढी. चार मुलांच्या वर्गात ती कोणाला देणार? या माणसाचा आवाज तिला झेपला. मी दिली. मागायला आला होता तो उच्चार. चाल मी आपणहून दिली.

काल हे सगळं आईला सांगितलं. ती तुझ्या खोलीचे पडदे उसवत बसली होती. मेहुण्यांच्या घरी भाडेकरूला द्यायचे तर तिरके कशाला, म्हणून. मी म्हटलं, "आई, मी तुला खोटं सांगितलं. मी मेहुण्यांना मत दिलं नाही."

ती उसवतच राहिली. मग म्हणाली, "मी पण नाही."

"म्हणजे?"

"त्यालाच दिलं. फरशीवाल्याला."

"अगं आई! जावयाला सोडून?"

"ओरडू नकोस. मला काय दिसतंय का नीट? नुसतं ऐकू आलं. त्याने तोंड उघडलं आणि हे उभे की रे समोर. तसाच दम धरून." तिने सुई पडद्यात खोचून ठेवली. "तेवीस वर्षांनी."

"अगं पण तो पडला असता तर धाकटी घरी आली असती. तू गाद्या उन्हात टाकत होतीस, पडदे शिवत होतीस..."

"ती यावी म्हणूनच टाकत होते. ते वेगळं, हे वेगळं."

मी काहीतरी बोलणार होतो. मोठमोठे शब्द तयारही होते. पण जे वाक्य मी एवढी वर्षं औषधाच्या दुकानात बसून ऐकत आलो आणि ज्याला हसत आलो, ते आईच्या तोंडून इतकं सरळ आलं की त्यात मला कुठे बोट ठेवायला जागा सापडेना. आणि तिला ते मी ऐकवलं होतं. तिच्या नवऱ्याचा आवाज दुसऱ्याच्या गळ्यात घालून मीच तिच्यासमोर उभा केला होता. तिला तुझ्यात आणि त्या आवाजात निवड करायला लावली, आणि ती निवड आहे हेही तिला कळू दिलं नाही.

म्हणून तिच्यावर रागावू नकोस. रागवायचंच तर सगळं माझ्या नावावर घाल. तिने मला विचारलं, "तिला कळवायचं का रे?" मी म्हटलं, तुझं तू ठरव. ती म्हणाली, "कळव. मेलं, लपवून लपवून किती लपवायचं." तेव्हा हे तिच्या संमतीने लिहितो आहे.

शनिवारी मी धक्क्यावर येणार नाही. मेहुण्यांनी या म्हटलंय. पण निरोप द्यायला उभं राहायचं तर हात हलवावा लागतो, आणि माझा हात वर गेला की त्यांना काय आठवेल ते मला माहीत आहे.

हे लिहीत असताना खालून फरशीवाल्यांची आभाराची गाडी गेली. वर कर्णा, त्यातून त्यांची प्रार्थना, ध्वनिमुद्रित. मी खिडकी लावायला उठलो. आई पडदा मांडीवर घेऊन बसली होती, मान जराशी कललेली.

"लावू नकोस," ती म्हणाली. "वळणापर्यंत जाऊ दे त्याला."

मी कडीवर हात ठेवून उभा राहिलो. गाडी हळूहळू जात होती. तिसऱ्या ओळीला त्याने सूर वर धरला, दम घेतला, आणि चौथी अगदी बिनचूक म्हटली.

दादा